निबंधावरचं पहिलं नाव

आमच्या ह्यांच्या नावावर उभ्या आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शोधनिबंध आहेत. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी ढिगाने छापले. कुणी काही लिहिलं की त्यावर विभागप्रमुखाचं नाव आपसूक चढायचं, लग्नाच्या पत्रिकेत वडीलधाऱ्यांचं चढतं तसं. प्रमुख बदलला की नाव बदलायचं. सरोवर तेच, मासे तेच. हे मात्र अडून बसायचे. "मासा कुणी चिरला?" एवढंच विचारायचे. ज्याने होडीत बसून मासा धरला, चिरला, तपासला, आकडे लिहिले, त्याचं नाव निबंधावर. बाकी कुणाचं नाही. विद्यार्थ्याने काम केलं असेल तर ह्यांचं स्वतःचंही नाही. त्यापायी एकेका प्रमुखाशी वाकडं आलं आणि हे कधी प्रमुख झाले नाहीत. मी बोटं मोडायची. माझ्या बहिणीचा नवरा कुवेतला जाऊन आला आणि त्याने दुम्यात शहरात घर बांधलं. आमच्याकडे काय, तर बुल्ती माशाच्या वासाचे शर्ट.

ह्यांचं काम एकच होतं. आमच्या सरोवरातल्या कुठल्या बाजूच्या माशात किती शिसं आहे, ते वर्षानुवर्षं मोजत राहायचं. सांडपाण्याचा मोठा नाला जिथे सरोवराला मिळतो, तिथला मासा पोरांना आणि पोटुश्या बायकांना घालू नका, हे त्यांनी आकड्यांनिशी सांगितलं आणि मच्छीमारांनी ते ऐकलं. सरकारी माणसाने सांगितलं असतं तर हसले असते. पण "डॉक्टर रुश्दी म्हणतात" म्हटलं की धक्क्यावरचा वाद मिटायचा. एवढीच काय ती आमची कमाई.

इनास ही ह्यांची शेवटची विद्यार्थिनी. सरोवराकाठच्या मच्छीमाराची मुलगी, आणि आज त्याच विभागात शिकवते. तिच्या गावात तिच्या बापाला कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे 'डॉक्टरणीचा बाप' म्हणतात आणि तो ते ऐकायला मुद्दाम दोनदा रस्त्यावरून जातो. आम्हाला मूल नाही. ती मला 'तांत' म्हणते, मावशीला म्हणावं तसं, आणि स्वयंपाकघरात न विचारता शिरते. ह्यांच्या निवृत्तीनंतर विभागातलं कुत्रंही आमच्या दारात आलं नाही. इनास येत राहिली.

त्या ईदला ती आली ती एका हातात साखर भुरभुरलेल्या कहक बिस्किटांचा डबा आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली चौकट घेऊन.

"डॉक्टर, डोळे मिटा."

"या वयात मिटले तर उघडतील याची खात्री नसते," हे म्हणाले. "दाखव काय ते."

सोनेरी काठाची चौकट होती आणि आत एका परदेशी नियतकालिकात छापून आलेल्या निबंधाचं पहिलं पान. लेखकांच्या ओळीत सगळ्यात आधी ह्यांचं नाव, रुश्दी शल्बी. मग इनासचं. मग वाइल म्हणून तिच्या विभागातला एक जण. ह्यांनी चष्मा लावला, ओळन् ओळ वाचली आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"हे कुणाचं काम?"

"आपलं."

"आपलं म्हणजे कुणाचं? गुडघे गेल्यापासून मी होडीत पाय ठेवलेला नाही."

"पद्धत तुमची, ठिकाणं तुमची. हातात सुरी कशी धरायची ते तुम्ही शिकवलंत. तुमचं नाव गाळलं असतं तर लोक माझ्या तोंडावर थुंकले असते. म्हणाले असते, पोरगी शिकली आणि गुरूला विसरली."

"आभार मानायला निबंधाच्या शेवटी जागा असते."

"तिथे होडीवाल्याचं नाव असतं, डॉक्टर! तुम्हाला तिथे बसवू?"

"होडीवाल्याने निदान होडी तरी वल्हवली." ह्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला तो सूर माहीत होता. "आणि ते पत्र? आता प्रत्येक लेखकाला विचारतात ना, हे तुम्हाला मान्य आहे का म्हणून?"

इनासचा चेहरा उजळला. "ते मी केलं ना! तुम्हाला कशाला त्रास? तुमच्या नावाने ईमेल उघडला. तिथे पत्र आलं, मी 'मान्य' दाबलं. आमच्याकडे सगळ्या थोरांचं असंच करतो." विजेचं बिल भरून आले, असं सांगावं तसं तिने सांगितलं.

"म्हणजे माझ्या जागी तू होय म्हणालीस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात म्हणून!"

मला हसू आलं. ह्यांना आलं नाही. "माझं नाव काढून टाक," ते म्हणाले.

"छापून झालंय, डॉक्टर."

"दुरुस्ती छापता येते."

"इन्शाअल्ला," ती म्हणाली. या सुरात कुणी इन्शाअल्ला म्हटलं की ते काम होणार नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. तिचे डोळे भरून आले होते. मग मात्र माझं डोकं फिरलं. "पुरे झालं!" मी ह्यांना म्हणाले. "जन्मात एकदा कुणीतरी तुमची आठवण ठेवली, तर सणाच्या दिवशी तिची उलटतपासणी घेताय. खा ते कहक गुपचूप." त्यांनी एक कहक उचललं, पण खाल्लं नाही. चौकट कपाटामागे गेली.

हिवाळा सरत आला तेव्हा इनास पुन्हा आली. हातात डबा नव्हता, आणि ती स्वयंपाकघरात न शिरता बाहेरच्या खोलीत पाहुण्यासारखी कडेला बसली. हे खुर्चीत पेपर वाचत होते.

"डॉक्टर, निबंधात गडबड झाली," ती म्हणाली. "वाइलने केली."

हळूहळू सगळं बाहेर पडलं. एका मोसमाचे नमुने आणायचं काम वाइलकडे होतं. तो सरोवराकडे फिरकलाच नव्हता. कैरोला सासुरवाडीत जाऊन बसला होता आणि आकडे घरी बसून बनवले होते. बनवायचाही आळस. नाल्याकडच्या माशांची लांबी आणि उत्तरेकडच्या माशांची लांबी, वरून खालपर्यंत तीच. माशाच्या यकृताच्या कापाचं एक छायाचित्र तर उलटं करून दुसऱ्यांदा वापरलं होतं. कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाच्या ते नजरेस आलं आणि त्याने नियतकालिकाला कळवलं.

"तू आकडे पाहिले नव्हतेस?"

"पाहिले. म्हणजे, भरलेले आहेत एवढं पाहिलं." तिने मान खाली घातली. "त्यांनी खुलासा मागितला. पहिल्या लेखकाकडे."

"म्हणजे माझ्याकडे."

"हो."

"मग?"

इनास रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मीच म्हटलं, "अगं बोल ना, जीव टांगणीला लावू नकोस."

"मी उत्तर दिलं. त्याच ईमेलवरून." ती खाली बघत, पाठ केल्यासारखं म्हणू लागली, "'हे नमुने मी स्वतः तपासले आहेत. या सरोवरावर मी आयुष्य घालवलं आहे. माझा शब्द पुरेसा असावा.' वाइल कुराणावर हात ठेवायला तयार होता, डॉक्टर, की आकडे खरे आहेत. मला वाटलं, तुमचा शब्द म्हटल्यावर ते गप्प बसतील."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. माणूस चिडला की निदान काही तरी बोलतो. ह्यांनी पेपरची घडी घातली, मग ती उलगडली, मग पुन्हा घातली.

"शैली चांगली साधलीस माझी," ते म्हणाले.

ती हुंदके देत रडायला लागली. नियतकालिकाचा त्या उत्तरावर विश्वास बसला नव्हता. ते निबंध मागे घेणार होते, तसं जाहीरही करणार होते, आणि त्यांनी विद्यापीठाला लिहिलं होतं. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली होती आणि समिती आधी एकच गोष्ट विचारणार होती. डॉक्टर रुश्दींची संमती होती की नव्हती? नव्हती म्हटलं, तर इनासने दुसऱ्याच्या नावाने पत्रं लिहिली हे सिद्ध होतं. मग नोकरी गेली, कदाचित पदवीही. होती म्हटलं, तर खोट्या निबंधाचे पहिले लेखक हे.

मी चहा ठेवायला आत गेले तशी ती मागोमाग आली.

"तांत, तुम्ही त्यांच्याशी बोला."

"काय बोलू?"

"काही नाही. मी त्यांना खोटं बोला म्हणत नाहीये."

"मग माझ्या कानाशी रडतेस कशाला?"

"बाबांना कोण सांगणार?" ती म्हणाली. "ते सकाळी उठून आधी शेजाऱ्यांना विचारतात, आमच्या डॉक्टरणीला टीव्हीवर पाहिलं का. मी टीव्हीवर एकदाच आले होते, तांत, तेही मागे उभी होते." रडता रडता तिला हसू फुटलं.

ती गेल्यावर मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले. "काय ठरवलंत?"

"खरं सांगायचं. दुसरं काही मला येतं कुठे?"

"आणि पोरगी?"

"पोरगीने विचार करायला हवा होता."

"तिने वाईट हेतूने केलं का? तुमच्यावरच्या मायेने केलं. असल्या मायेचं तुम्हाला अजीर्ण होतं हे तिला काय माहीत! तुमचं काय जाणार आहे? पेन्शन कोणी काढून घेत नाही. तिचं सगळं आयुष्य पुढे आहे, पदरात दोन मुली आहेत. या वयात नावाचं काय लोणचं घालायचंय?"

त्यांनी चष्मा काढला. "नाव माझ्या एकट्याचं असतं तर देऊन टाकलं असतं, सुहैर. त्या नावावर लोक मासे खातात. किंवा खात नाहीत."

"एक निबंध खोटा निघाला म्हणून जुने सगळे कसे खोटे ठरतील?"

"मी स्वतः तर तसंच करायचो. एक आकडा बनावट सापडला की त्या पोराची अख्खी वही बाद."

"सगळे तुमच्यासारखे खडूस नसतात," मी म्हणाले आणि उठले. मला खरंच तसं वाटत होतं. आजही मी ते बोलले ते चूक होतं असं मला वाटत नाही, आणि बरोबर होतं असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

समितीच्या दिवशी मीही बरोबर गेले, ह्यांना जिने एकट्याने चढवत नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मला बसू दिलं. अध्यक्षाच्या जागी होता तो गृहस्थ तरुणपणी ह्यांच्या निबंधावर नाव मागायला आला होता आणि हात हलवत परत गेला होता. आज तो अगदी आदराने उठून उभा राहिला. इनास खिडकीशी बसली होती. वाइल केसांना तेल लावून, चापूनचोपून आला होता. त्याने आधीच सांगून टाकलं की आकडे त्याने 'थोरांच्या नजरेखालून जातील' अशा विश्वासाने दिले होते. खोट्या माणसाचा आवाज इतका गोड कसा असतो, देव जाणे.

"डॉक्टर," अध्यक्ष म्हणाला, "या निबंधाला तुमची संमती होती?"

इनास जमिनीकडे पाहत होती. तिने एकदाही मान वर केली नाही. केली असती तर काय झालं असतं, ते मला सांगता येणार नाही.

"होती," हे म्हणाले.

"आणि खुलाशाचं पत्र? ते तुम्हीच लिहिलंत?"

"शैली माझीच आहे ना?"

"म्हणजे आकडे तुम्ही स्वतः तपासले होते?"

"पहिलं नाव माझं आहे. जबाबदारी माझी."

खोलीतल्या सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं. निवृत्त माणूस! ना पगार कापायचा, ना कुणाला काढायचं, ना कुणाच्या मामाचा फोन यायचा. अध्यक्षाने लगेच चहा मागवला. वाइलला नुसती समज दिली, आणि त्या निर्लज्जाने बाहेर येऊन ह्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं, पोरगा बापाचं घेतो तसं. माझा हात शिवशिवत होता. इनास ह्यांच्या हाताला धरून जिना उतरली आणि खाली आल्यावर काहीतरी म्हणू पाहत होती. "जा," हे म्हणाले, "तुझा तास असेल."

मायक्रोबसमध्ये खिडकीकडे तोंड करून ते म्हणाले, "मला वाटलं होतं फार जड जाईल. सोपं गेलं गं."

पुढचं ह्यांनी म्हटलं होतं तसंच झालं, मी म्हटलं होतं तसं नाही. निबंध मागे घेतल्याची सूचना नियतकालिकाने छापली, पहिल्या लेखकाने जबाबदारी मान्य केली आहे या वाक्यासकट. मग विद्यापीठाने ह्यांचं जुनं सगळं काम तपासायला काढलं. जुन्या मोजण्यांचे मूळ कागद प्रयोगशाळा हलवताना केव्हाच रद्दीत गेले होते. पुरावा नाही, म्हणून शेरा पडला: 'अविश्वासार्ह'. धक्क्यावर मत्स्य खात्याची पाटी होती, नाल्याकडचा मासा लहान मुलांना देऊ नका म्हणून, खाली ह्यांच्या पाहणीचा हवाला. ती एके दिवशी उतरवली. कुणी मुद्दाम वैर केलं नाही. ज्याचं काम होतं त्याने शिडी लावली आणि काढली. हे ऐकून ह्यांनी दुसऱ्या दिवशी विद्यापीठात जाऊन अर्ज दिला, की आपलं जुनं काम खरं आहे. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने विचारलं, "खरं आहे असं कोण म्हणतं?" हे म्हणाले, "मी." तो बिचारा काय करणार? हसला.

वसंतात इनासचे वडील आले, हाज अबुल-मआती. ओल्या गोणपाटाने झाकलेली टोपली त्यांनी दारातच माझ्या हातात दिली. आत बुल्ती, एकेक तळहाताहून मोठी.

"इनासला यायला होत नाही," खुर्चीत बसत ते म्हणाले. "लाजते की काय कोण जाणे. म्हटलं आपणच जावं. डॉक्टर, कॉफीखान्यात लोक तुमच्याबद्दल वाटेल ते बोलतात. मी एकेकाचं तोंड बंद केलं. म्हटलं, वय झालं की चूक होते. पण भर सभेत चूक कबूल करणारा माणूस दाखवा मला एक! माझ्या पोरीला त्यांनी घडवलंय, म्हटलं."

"मेहेरबानी तुमची," हे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"आणि वाईटातून चांगलंही झालं बघा. इतकी वर्षं नाल्याकडच्या माशाला आम्ही भीत होतो. अहो, काय मासा आहे तो, लोण्यासारखा! स्वतः खायचा नाही, पोरांना द्यायचा नाही. आता पाटी गेली, भीती गेली. इनासच्या मुली दिवसभर आमच्याकडेच असतात. रोज खातात, बोटं चाटत."

हे खुर्चीत पुढे सरकले. "हाज, त्यांना तो मासा देऊ नका."

"का हो?"

"माझे जुने आकडे खरे आहेत."

अबुल-मआतींनी ह्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. आजारी माणसाला थोपटतात तसं, अगदी मायेने. "जाऊ द्या, डॉक्टर. एकदा मोकळेपणाने कबूल केलंत, ते शोभलं तुम्हाला. आता माघार घेऊ नका. लोक हसतील."

"अहो, तुमच्या मुलीला विचारा!" माझ्या तोंडून निघून गेलं. "तिला विचारा, काय खरं आणि काय..."

"सुहैर!" हे ओरडले. आमच्या संसारात माझ्यावर ते असे कधी ओरडले नव्हते.

हाज माझ्याकडे पाहत राहिले. "इनासला काय विचारायचं?"

"तिची तब्येत," हे म्हणाले. "फार काम करते ती."

"करतेच!" म्हाताऱ्याची छाती फुगली. त्यांनी चहा घेतला, पोरीचं कौतुक केलं, ह्यांच्यासाठी दुआ मागितली आणि गेले.

ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे होताच मी फोन उचलला.

"इनास, तुझे वडील येऊन गेले. तुझ्या मुली नाल्याकडचा मासा खातायत. रोज."

"कधीपासून?"

"पाटी उतरली तेव्हापासून."

"मला माहीत नव्हतं, तांत. देवाशपथ मला माहीत नव्हतं. मी आत्ता आईला फोन करते. काहीतरी सांगते, अंगावर पुरळ उठतं म्हणून सांगते. आमच्या मुलींना नाही देऊ देणार."

"आणि गावातल्या बाकीच्या मुलांना?"

टोपलीतलं पाणी जमिनीवर उतरत होतं आणि हे दारात उभे राहून ऐकत होते.

"कशावरून सांगू, तांत?" ती म्हणाली. "कुणाच्या आकड्यांवरून सांगू?"

तिला बोलायला माझ्याकडे खूप होतं. मी फोन ठेवून दिला.